खिळ्यावरचा नारळ

१३ एप्रिल

सुरभी माय,

काल हनुमान जयंती झाली. सुंठवड्याची पुडी या पाकिटात घातली आहे. पोस्टात फुटली तर कागद झटकून घे, प्रसाद वाया जात नाही.

पत्ता बबितानं दिला, तुझ्याबरोबर वर्गात होती त्या फुलसावंगीच्या बबितानं. तिच्यावर रागावू नको. ती बराच वेळ नाहीच म्हणत होती. "काका, सुरभीनं मना केलं हाये," म्हणाली. मी म्हटलं, मी गुरव माणूस, देवळात दिवा लावतो, कोणाचं वाईट करायला पत्ता मागत नाही. तेव्हा दिला. गावातून गेलेला फोन तू उचलत नाहीस, मग पत्राशिवाय माझ्यापाशी काय उरतं? माझं अक्षर तुला लागतं. दर शनिवारी मी देवळाच्या फळ्यावर सुविचार लिहायचो, त्यातल्या चुका तूच खडूनं दुरुस्त करायचीस आणि वर म्हणायचीस, "काका, मारुती काय म्हनन, माह्या गुरवाले लिवता येत नाई."

इकडे सगळं ठीक आहे. तुझी आई बरी आहे. तिनंच सांगितलं, लिहा म्हणून.

आता कामाचं. अर्पितानं बारावीची परीक्षा दिली. पुण्याच्या संस्थेचा जो सुट्टीतला वर्ग तू केलास, त्यातच तुझ्या बहिणीचं नाव लागलं आहे. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या गरीब घरच्या मुलांना सहा आठवडे आधी नेऊन तयार करतात, तोच वर्ग. दोन जूनला सुरू होतो. तिची जागा त्यांनी धरून ठेवली आहे. तुझ्या वडिलांनी हो म्हटलं की झालं. पण रामराव हो म्हणत नाहीत.

परवा ते देवळात आले. पाया पडायच्या आधी त्यांनी वर पाहिलं, गाभाऱ्याच्या चौकटीवरच्या खिळ्याकडे. तुझा नारळ तिथंच आहे, लाल कापडात. म्हणाले, "थो खाली येऊ दे आंधी. थो वरतं अस्तानी दुसरा कसा टांगशीन तू? एकीचं निस्तरलं नाई, दुसरीले कायले धाडू?"

गावाची रीत तुला सांगायला नको. भरती, कुस्ती, कोर्टाची तारीख, अशा मोठ्या कामाला माणूस निघाला की आपल्या हातानं इथं नारळ टांगतो आणि काम फत्ते करून आला की आपल्याच हातानं वाढवतो. काम अर्धं टाकून परत यायचं नाही. दुसऱ्यानं तो वाढवायचा नाही; माणूस वारला तरच घरचे वाढवतात. तू स्टुलावर चढून गाठ मारत होतीस तेव्हा मी खालून म्हटलं, "दे, मी मारतो." तू म्हणालीस, "नोका काका, तुमची गाठ सुट्ते. पाडव्याचं तोरन दुपारपावतर टिकलं नाई." सगळं देऊळ हसलं. रामरावही हसले होते.

एक दिवस ये. यवतमाळपर्यंत ये, तिथून बाभुळगावची एसटी धर, मी फाट्यावर उभा राहीन. नारळ वाढव आणि वाटलं तर त्याच संध्याकाळी परत जा. अर्पिताची वाट मोकळी होईल.

तुझा
गुणवंतकाका


६ मे

सुरभी माय,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरून चालतो.

काल निकाल लागला. अर्पिता चांगल्या मार्कांनी पास झाली. पेढे आणले नाहीत. तुझ्या आईनं देवापुढे साखर ठेवली आणि तीच सगळ्यांच्या हातावर दिली.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तुझ्या आईनं मला लिहायला सांगितलेलं नाही. ती तुझं नाव काढत नाही, कारण काढलं की रडू येतं आणि देवापुढं रडू नये असं तिला वाटतं. दर शनिवारी येते, मारुतीला तेल घालते आणि जाताना माझ्या काठीनं तुझा नारळ जरासा हलवते. आतून खुडखुड वाजतो. गेल्या शनिवारी ओट्यावर डोमाजीबुवा बसले होते. ते म्हणाले, "सडला असन थो." तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की म्हातारा तंबाखूची डबी तिथंच विसरून उठून गेला. मी म्हटलं, "इंदुताई, सडलेला वाजत नाही. आतलं पाणी आटलं, खोबऱ्याचा गोटा मोकळा झाला की वाजतो. सुकला आहे, खराब नाही." ती म्हणाली, "भाऊ, माह्या पोरीचा हाये. मले ठाव हाये."

रामरावही तुझं नाव घेत नाहीत. 'थे' म्हणतात. "थे काही कळवत नाई." एवढंच.

बबितानं पत्त्याबरोबर दुसरंही सांगितलं. तू पहिल्या वर्षाला नापास झालीस, त्यानंतर कॉलेज सुटलं, आणि आता एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जातेस. घरी माहीत आहे. कॉलेजातून फोन आला होता. गावातही माहीत आहे, पण कोणी परकं विचारायला आलं की सगळे म्हणतात, "शिकून राह्यली ना पुन्याले." हे तुझ्यावरच्या मायेनं म्हणतात की आपल्या लाजेनं, ते मला नीट सांगता येत नाही.

मी या नारळाचा बराच विचार केला. आपल्या गावाचा नारळ आठ-पंधरा दिवसांच्या कामाचा. भरतीला गेलेला पोरगा आठवड्यात परत येतो, जिंकून नाहीतर लंगडत. लंगडत आला तर दोन दिवस शिवेवरच्या गोठ्यात झोपतो, पुन्हा कुठंतरी जाऊन काहीतरी करून येतो आणि मग गावात शिरतो. तेवढं निभतं. तोच नारळ आपण तुझ्या शिक्षणाला लावला. एवढ्या वर्षांत माणूस दमेल, आजारी पडेल, नापास होईल, त्याला घरची भाकर आठवेल, हे त्या दिवशी देवळातल्या एकाच्याही मनात आलं नाही. पहिल्या दिवाळीला तू यवतमाळला मावशीकडे राहिलीस आणि आई तिथं करंज्या घेऊन आली. "नारळ टांगला हाये, शीव कशी वलांडू?" असं तू म्हणालीस, तेव्हा गावाला तुझा अभिमान वाटला. मग नापास झाल्यावर तुला कोणती वाट होती? जिंकून यायचं, नाहीतर यायचंच नाही. आरतीच्या मध्येच हे माझ्या ध्यानात आलं आणि पुढचे शब्द आठवेनात. लोक म्हणाले, गुरवाचा घसा बसला.

मारुती असं काही मागत असेल असं मला वाटत नाही. म्हणून सांगतो, आहेस तशीच ये. कोणी काही विचारणार नाही. विचारलं तर मी आहे.

तू दिवाळीला आईजवळ दिलेल्या जुन्या वर्गाच्या वहीतून अर्पिता तयारी करते आहे. त्यात लिहिलं आहे म्हणे की कॉलेजात काही समजलं नाही तर सरांच्या खोलीचं दार वाजवून आत जायचं, घाबरायचं नाही, आणि याचा रोज सराव करायचा. घराला दार म्हणून पडदा, मग ती देवळात येते. दारावर टकटक करते आणि विचारते, "मे आय कम इन?" मी आतून म्हणतो, "ये माय, मारुती घरीच हाये." परवा म्हणाली, "काका, तुमी सर हा ना? सर असं लवकर बोलवत नसतात. थोडं थांबवा मले." मग मी तिला थांबवलं. ती बाहेर उन्हात उभी राहून हसत होती.

तुझा
गुणवंतकाका


२० मे

सुरभी माय,

चांगली बातमी आहे. तू आली नाहीस तरी आहे.

मी तुमच्या वावरात गेलो होतो. रामराव धुऱ्यावर कुंपणाच्या काट्या लावत होते. मला पाहिलं आणि म्हणाले, "आला का वकील?"

"मी कुठला वकील? देवाचा माणूस."

"देवाचा वकील मंग. बोल."

मी म्हटलं, अर्पिताला जाऊ द्या. ते काट्या ओढत राहिले. म्हणाले, "तवा बी तूच आलता. म्हने सहा हप्त्याचा वर्ग हाये, पोट्टी पक्की होऊन जाते. झाली का पक्की?"

मी एक काटी त्यांच्याकडं सरकवली.

"मले एक सांग गुणवंता. थ्या वर्गात त्याईनं कंप्युटर शिकवलं, विंग्रजी शिकवली, चमच्यानं खावाले शिकवलं. हारलं तं घरी कसं याव, हे कोनं शिकवलं काय?"

मी म्हटलं, "ते आपल्याकडं होतं शिकवायचं."

ते थांबले. हाताला काटा लागला होता तो दातानं काढला. मग बराच वेळ काम केलं, मीही काट्या उचलून देत राहिलो. उन्हं उतरायला लागली तेव्हा म्हणाले, "ठोक दुसरा खिया. पन उजव्या आंगाले ठोक. तिच्या नारयाले धक्का नाई लागला पायजे. अन या धाकलीले सांग, वाटलं तवा ये. नारय-फिरय मंग पाहू."

सुरभी, माझा इतका काळ देवळात गेला, पण रीत अशी मोडलेली मी पाहिली नव्हती. तीही काट्यांच्या ढिगापाशी, घामेजलेल्या माणसानं मोडलेली. मी येता येता देवळात गेलो आणि चौकटीच्या उजव्या अंगाला पेन्सिलीनं खूण करून ठेवली. खिळा अर्पिता निघेल त्या दिवशी ठोकू. तिनं नवी बॅग आणली आहे, जांभळ्या रंगाची. चेन अडकते, तिला मेणबत्ती घासते आहे.

हे तुझ्यामुळेही झालं. तुझा नारळ तिथं नसता तर तुझ्या वडिलांना हे कळलं नसतं. तू वाईट वाटून घेऊ नको.

तुझा
गुणवंतकाका


२९ मे

सुरभी,

तुझा फोन आला ते कळलं.

अर्पिता दुपारी देवळात आली. दार वाजवलं नाही. पायरीवर बसली, पाय उन्हात होते तरी ओढून घेतले नाहीत. मी म्हटलं, "बॅग भरली का?"

"ताईचा फोन आलता. नवीन नंबरवरून."

माझा जीव हलका झाला. मला वाटलं, पत्रं पोचली. मी विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हने, जाऊ नको."

मग तिनं सगळं सांगितलं. मी ते इथं लिहितो, कारण तू म्हणालीस ते तसंच माझ्यापर्यंत आलं का, हे तुला कळावं.

"म्हने, थे सहा हप्ते लय चांगले रायतात. सकाळी उठलं की कोनी ना कोनी नावानं हाक मारते. जेवली का इचारतात. रडलं तं मॅडम बाजूले येऊन बसतात. आखरीच्या दिवशी फोटो काढतात. मंग कॉलेज सुरू होते, अन थ्या नावानं कोनीच हाक मारत नाई. मॅडमले फोन केला तं त्या म्हनतात, बेटा आता नवीन बॅचची तयारी हाये, तू तं स्ट्राँग हायेस. म्हने, मले दार वाजवाले शिकवलं होतं, मी सरच्या दारावर लय दिवस वाजवलं. अंदर कोनी रायतेच असं थोडी हाये."

मी म्हटलं, "अजून?"

तिनं तोंड फिरवलं. "म्हने, तुले थे सहा हप्ते भेटलेच नाई तं मंग तुले कशाची आठवन तं येनार नाई."

मी तिला समजावलं. म्हटलं, तुझी गोष्ट वेगळी. तुला वडिलांनी सांगितलं आहे, वाटेल तेव्हा परत ये. ताईला तसं कोणी म्हटलं नव्हतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "काका, ताई माह्यापेक्षा हुशार होती."

यावर तुझ्यापाशी उत्तर आहे का?

घरी रामरावांनी तिला विचारलं, "काहून व? म्या तं हो म्हनलं ना." ती म्हणाली, "मलेच नाई जावाचं." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. संस्थेतल्या मॅडमचा फोन आला तो इंदुताईनं घेतला. मॅडम समजुतीनं बोलल्या म्हणे, उद्यापर्यंत वाट पाहते म्हणाल्या. ती माणसं वाईट नाहीत. तूही तसं म्हणाली नाहीस.

तू खोटं बोलली नाहीस हे मला कळतं. म्हणून तुझा राग येत नाही. राग आला असता तर बरं होतं, रागात माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी करायला उठतो. तुला वाटत असेल, बहिणीला वाचवलं. वाचवलंही असशील. मी आज मारुतीपुढं बसलो, पण त्याला काय मागायचं तेच ठरेना. दिवा लावला आणि उठलो.

गुणवंतकाका


१० जून

सुरभी,

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला. अर्पिताच्या जागी दुसरं कोणी गेलं असेल. त्याचं भलं होवो.

राळेगावकडून पाहुणे येऊन गेले. मुलाची सोयाबीन-कपाशीची शेती आहे, माणसं शांत दिसली. अर्पिताला विचारायच्या आधीच ती हो म्हणाली. इंदुताई चूल सोडून बाहेर आली आणि तिच्याकडे पाहत राहिली. पोहे करपले. पाहुणे म्हणाले, असू द्या, करपलेलेच बरे लागतात. जांभळ्या बॅगेत आता तिच्या साड्या आहेत. चेन सरळ चालते.

आज मी एक केलं, गावाला न विचारता. तुझा नारळ खाली घेतला.

वाढवला नाही. तेवढी माझी छाती नाही, आणि तू आहेस. फक्त सोडवला. तुझी गाठ किती घट्ट होती म्हणून सांगू. नखानं सुटेना. कापायची नव्हती, म्हणून पोत्याला लागते ती दाभण आणून हळूहळू सोडवली. दुपार गेली. डोमाजीबुवा पाहत होते. म्हणाले, "काय करून राह्यला बे गुरवा?" मी म्हटलं, "जाळी साफ करतो." म्हातारा म्हणाला, "कोळ्याची का देवाची?" पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

डब्यात गवत घालून, त्यात नारळ ठेवून, बाभुळगावच्या पोस्टातून तुझ्या पत्त्यावर पाठवतो आहे. हे पत्र त्याच्यासोबत आहे. तू तो तिथंच वाढव, भाजीत घाल, खिडकीत ठेव, काहीही कर. त्याला आता काही काम राहिलेलं नाही. गावात कोणी तुझी वाट पाहत टांगून ठेवलेलं नाही. तुला यायचं असेल तर नुसतं ये, आणि यायचं नसेल तर त्याचाही दोष तुझ्यावर नाही. हे मी देवापुढं म्हणून मग लिहितो आहे.

आतला गोटा चांगला असणार. वास गोड येतो.

गुणवंतकाका


२ जुलै

सुरभी,

डबा परत आला. वर कोणीतरी लाल शाईनं लिहिलं आहे की ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. बबिताला फोन केला. ती म्हणाली, सुरभीनं ती कंपनी सोडली, खोलीही सोडली, नंबर बंद आहे. "मले बी नाई सांगितलं काका," असं म्हणून रडायला लागली. मलाच तिला समजवावं लागलं.

डबा ओट्यावर ठेवला होता. तेवढ्यात रामराव आले. ते बरेच दिवस देवळात आले नव्हते. डब्यावरचं नाव त्यांनी वाचलं. मग गवत बाजूला सारलं आणि नारळ उचलून कानापाशी धरला. हलवला. थांबून पुन्हा हलवला.

"वाजते," म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं, कुठं पाठवला, कसा परत आला. त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीच माहीत होतं. रिकाम्या खिळ्याकडे पाहत म्हणाले, "इस्टूल कोठी हाये?"

मी म्हटलं, "रामराव, मीच सोडवला होता. आता पुन्हा कशाला? तिच्यावर ओझं नको."

"ओझं तिचं नाई. मायं हाये." मग स्टुलावर चढले. मी खालून धरलं. लाल कापड बांधून त्यांनी नारळ त्याच खिळ्याला टांगला आणि गाठ मारली. मी म्हटलं, "घट्ट मारा, पडेल."

"ढिलीच मारली म्या," ते म्हणाले. "सुरभीले सोडता आली पायजे."

वर्षभरात तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

हे तुला कळवायला हवं होतं, म्हणून लिहायला बसलो. लिहून झालं आणि मग आठवलं की पत्ताच नाही. पत्र घडी करून मारुतीच्या मागच्या कोनाड्यात ठेवतो आहे.

रामराव स्टुलावरून उतरताना त्यांचा हात चौकटीच्या उजव्या अंगाला लागला. तिथं अर्पिताच्या खिळ्यासाठी मी केलेली पेन्सिलीची खूण होती. त्यांनी ती पाहिली, कशाची आहे ते विचारलं नाही. अंगठ्यानं पुसली, मग अंगठा धोतराला पुसला आणि घरी गेले.

तुझा
गुणवंतकाका